दुधारी पात्याची निवड

स्वतःची दाढी स्वतःच्या हाताने करणे ही गोष्ट आज इतकी साधी झाली आहे की, आपल्या पणजोबांच्या पिढीतील बहुतेकांनी ती जन्मात कधी केलीच नव्हती, असे सांगितले तर तरुण वाचकाला नवल वाटेल. गावगाड्यात हे काम बलुतेदार नाभिकाचे होते. तो धोकटी काखेत मारून ठरल्या दिवशी येई, ओसरीवर नाहीतर पारावर समोरासमोर बसे, वाटीतल्या पाण्याने दाढीचे खुंट बराच वेळ चोळून मऊ करी आणि मगच वस्तऱ्याला हात घाली. या चाकरीचा मोबदला त्याला दर खेपेस रोखीने न मिळता सुगीच्या दिवसांत बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळे. शहरांत दुकाने थाटली गेली, खुर्च्या आणि आरसे आले, तरी मूळ व्यवहार तोच राहिला: एकाने मान मागे टाकून डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने त्याच्या गळ्यावरून उघडी धार फिरवायची.

‘हजामत’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा पहिला अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा आहे. ज्याच्या हाती तीक्ष्ण हत्यार, तोच तुंबडी लावणार आणि तोच गळूही फोडणार, ही रीत अनेक देशांत होती आणि आपल्याकडेही होती. म्हणून रक्त काढण्याचा शब्द पुढे केस काढण्याला लागला. या पेशात तीन विद्या एकत्र नांदत होत्या. पहिली धार लावण्याची. कारण पोलादी वस्तरा दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर नित्य घासला नाही तर दोन दिवसांत बोथट होतो. दुसरी धार चालवण्याची. गालाच्या, हनुवटीच्या आणि कंठमण्याच्या चढउतारांवरून पात्याचा कोन क्षणोक्षणी बदलत नेणे हे वर्षानुवर्षांच्या उमेदवारीशिवाय साधत नसे. आणि तिसरी, जिचा उल्लेख कोणी फारसा करीत नाही, ती दाढी भिजवण्याची. सेफ्टी रेझर नावाच्या साधनाचा इतिहास म्हणजे या तीन विद्यांपैकी पहिल्या दोन माणसाच्या हातून काढून घेऊन कारखान्याच्या आणि यंत्राच्या स्वाधीन करण्याचा इतिहास होय. तिसरी विद्या मात्र कोणी काढून घेतलेली नाही. ती आजही दाढी करणाराच्याच माथी आहे, आणि दुकानात उभे राहून साधनांची निवड करताना नेमका तिचाच विसर पडतो.

प्रारंभ झाला तो दुसऱ्या विद्येपासून. झां-झाक पेरे नावाच्या एका फ्रेंच सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कारागिराने १७६९ साली, माणसाने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी याच विषयावर एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात वस्तऱ्याच्या धारेला लाकडी आवरण घालून तिचा अगदी थोडा भाग बाहेर ठेवण्याची युक्ती मांडली. ही युक्ती त्याला सुताराच्या रंध्यावरून सुचली. रंध्याचे पाते लाकडाच्या ठोकळ्यातून जेवढे डोकावते तेवढेच लाकूड सोलते, त्याहून खोल जात नाही; त्वचेच्या बाबतीतही हाच न्याय लावता येईल, हे त्याने ओळखले. पुढे १८४७ साली विल्यम हेन्सन या इंग्रज संशोधकाने, ज्याचे नाव वाफेवर चालणाऱ्या विमानाच्या आराखड्यामुळे इतिहासात राहिले आहे, पाते मुठीच्या काटकोनात, कुदळीला दांडा असावा तसे, बसवण्याची कल्पना नोंदवली. आज आपल्या हाती असलेल्या साधनाचा आकार तेथून आला. १८८० साली अमेरिकेतील काम्फे बंधूंनी या दोन्ही कल्पना एकत्र करून पुढच्या बाजूस संरक्षक दांडी असलेले साधन बाजारात आणले. परंतु त्यातले पाते जुन्या वस्तऱ्याचाच जाड तुकडा असल्यामुळे ते नित्य परजावे लागे; म्हणजे कोन सांभाळण्याची चिंता मिटली, धार लावण्याची तशीच राहिली.

ती चिंता मिटवणारा मनुष्य हा कारागीर नव्हता. तो फिरता विक्रेता होता. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचे तयार करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीत नोकरीस असताना त्या बुचांचे जनक विल्यम पेंटर यांनी त्याला मसलत दिली की, एकदा वापरून फेकून द्यावी लागेल आणि गिऱ्हाइकाला पुन्हा विकत घेणे भाग पडेल अशी एखादी वस्तू शोधून काढ. १८९५ साली एके सकाळी आरशासमोर उभा असताना, धार ही पोलादाच्या काठावरच असते तर मागचे जाड पोलाद हवे कशाला, हा विचार त्याच्या मनात आला. पातळ पत्र्याचे दोन्ही काठ धारेचे करावेत, पत्रा मधोमध पकडीत धरावा, आणि धार गेली की पत्राच टाकून द्यावा, इतकी ती कल्पना सरळ होती. परंतु कागदासारख्या पातळ पोलादाला वाकू न देता पाणी देणे आणि त्याला धार आणणे शक्य नाही, असेच जाणकारांनी त्याला सांगितले. हा प्रश्न विल्यम निकरसन या अभियंत्याने पुष्कळ खटपटीनंतर सोडवला. १९०१ साली कंपनी स्थापन झाली. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षात, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी एकस्वाची सनद मिळाली. आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक पाती मागवली, तेव्हा एका सबंध पिढीला स्वतःच्या हाताने दाढी करण्याची सवय लागून गेली.

ग्राहकाच्या दृष्टीने या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाची तारीख मात्र याहून वेगळी आहे. एकस्वाची मुदत १७ वर्षांची असल्यामुळे ती १९२१ च्या नोव्हेंबरात संपली, आणि दुधारी पात्याचा तो आकार जगात कोणालाही बनवण्यास मोकळा झाला. १९३० च्या सुमारास पात्याच्या मधल्या तीन गोल छिद्रांच्या जागी लांबट खाच आली. पण ती अशा बेताने कापलेली आहे की नवे पाते जुन्या रेझरमध्येही बसते. १८९४ साली व्यापारातील स्पर्धेविरुद्ध एक ग्रंथ लिहिणाऱ्या जिलेटच्या नावावरचा हा आकार अशा रीतीने सर्वांच्या मालकीचा झाला. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत, त्यांच्या पश्चात, पितळेवर मुलामा दिलेला एक जुना रेझर सापडला. मूठ फिरवली की वरची दोन झाकणे फुलपाखराच्या पंखांसारखी उघडणारा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणलेले पाते त्यात तंतोतंत बसले, आणि तो आजही माझ्या वापरात आहे. १९७१ नंतर जी जोडपात्यांची आणि पुढे तीन, चार, पाच पात्यांची बंद डबी प्रचारात आली, तिच्याबाबत असे होत नाही: एका कंपनीची डबी दुसऱ्या कंपनीच्या मुठीत बसत नाही, मूठ स्वस्त मिळते, आणि डबीचा तगादा जन्मभर मागे लागतो. जुन्या पद्धतीच्या रेझरकडे मी वळलो तो केवळ स्मृतीच्या ओढीने वळलो हे खरे. परंतु त्याची शिफारस मी करतो ती या मोकळेपणासाठी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. सेफ्टी रेझरमध्ये मुळात तीनच अवयव असतात: वरचे टोपण, खालची बैठक आणि मूठ. टोपण आणि बैठक यांच्यामध्ये पाते ठेवून मूठ आवळली की पाते कमानीसारखे वाकते आणि त्या वाकण्यामुळेच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. तो नसता तर पाते केसागणिक थरथरले असते आणि त्वचा सोलवटून निघाली असती. पात्याची धार टोपणाच्या आणि बैठकीच्या कडांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या किती पुढे आहे आणि पाते व संरक्षक दांडी यांत किती फट आहे, या दोन मापांवर रेझरचा सारा स्वभाव ठरतो. फट थोडी आणि धार आत असेल तर रेझर सौम्य. उलट असेल तर तो उग्र. ही मापे मिलिमीटरच्या अंशांत असतात, पण गालाला तो फरक पहिल्याच हाताला कळतो.

संरक्षक दांडीचे दोन प्रकार आहेत. सलग दांडीचा रेझर फेस पुढे ढकलून त्वचा थोडी ताणून धरतो. फणीसारखे दात असलेला रेझर फेस आणि लांब केस दातांमधून आत घेतो, म्हणून जो आठवड्यातून एकदाच दाढी करतो त्याला तो उपयोगी. फणीचा प्रत्येक रेझर उग्रच असतो, असे मात्र नाही. पाते तिरकस धरणारेही रेझर आहेत. विळीवर भाजी चिरताना आपण ती जशी तिरपी ओढतो, तसे ते केस तिरपे कापतात, आणि ज्यांची दाढी राठ पण कातडी नाजूक आहे अशा थोड्या लोकांना ते वरदान ठरतात. मुठीवरची चकती फिरवून फट कमीजास्त करता येणारे रेझरही मिळतात. त्यांची रचना पाहण्यासारखी असते; पण नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये, कारण चूक हाताची की मापाची हे त्याला कळेनासे होते.

मी स्वतः पहिला रेझर घेतला तो दुकानातील चकाकीला भुलून. तो फणीचा होता, वजनाने भारी होता आणि अतिशय उग्र होता. महिनाभर माझ्या हनुवटीखाली रोज नवी जखम असे, आणि ही विद्याच आपल्या हाताची नव्हे, असा निष्कर्ष काढून मी ती सोडून देण्याच्या बेतात होतो. दोष रेझरचा नव्हता. तो तयार हातांसाठी घडवलेला होता आणि माझा हात कच्चा होता. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पहिला रेझर सलग दांडीचा, सौम्य आणि तीन सुट्या भागांचा असावा. तीन भागांचा अशासाठी की, त्यात बिघडण्याजोगे काही नसते, साबणाचा साका धुऊन काढता येतो, आणि मूठ खराब झाली तर एकटी मूठ बदलता येते. फुलपाखरी रेझर वापरास सोयीचा, पाते बदलताना धारेला बोट लागण्याचे भय कमी. परंतु त्याच्या आतल्या दांड्यांत चुन्याचे क्षार साचतात, आणि हलक्या दर्जाच्या मालात पंख नीट न मिटल्यामुळे पाते एका बाजूस अधिक बाहेर राहते.

धातूविषयी थोडा तपशील देणे अवश्य आहे, कारण किमतीतील तफावत बहुतांशी त्यामुळे पडते. आजचे पुष्कळसे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असून वर क्रोमियमचा मुलामा असतो. मुलामा शाबूत आहे तोवर ते उत्तम काम देतात. पण तो एकदा उडाला की आतले जस्त पाण्याने खात जाते, आणि टोपणाचा आटे असलेला खुंट एके दिवशी मुठीतच तुटून राहतो. पितळेचे तसे नाही. मुलामा गेला तरी पितळ टिकते, आणि शंभर वर्षांपूर्वीचे रेझर आजही चालतात याचे कारण ते पितळेचे आहेत. स्टेनलेस पोलादाचा, यंत्रावर कातून काढलेला रेझर सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. जर्मनीतील झोलिंगेनचा मेर्कुर आणि सॅक्सनीतील म्यूले ही नावे या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. तथापि नावापेक्षा परीक्षा श्रेष्ठ. रेझर हाती घ्यावा, पाते बसवून मूठ आवळावी आणि समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून दोन्ही काठांकडे पाहावे. दोन्हीकडे धार सारखी दिसली पाहिजे, आणि पाते टोपणाला समांतर असले पाहिजे. आटे अडखळू नयेत. मूठ ओल्या, साबणाच्या बोटांतून निसटणार नाही इतकी खरखरीत असावी. दुकानात कोरड्या हाताला गुळगुळीत मूठ सुखद वाटते, न्हाणीघरात तीच घातक ठरते. वजन थोडे असलेले बरे, कारण ज्या साधनाला स्वतःचे वजन आहे त्याला हाताने दाबावे लागत नाही.

रेझरचा विचार इथवर पुरे. तो नुसती चौकट आहे. कापते ते पाते. सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड असा हा पत्रा वजनाला अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक भरतो. पूर्वी तो साध्या कार्बनी पोलादाचा असे, आणि ओला राहिला तर एका रात्रीत गंजे; १९६२ च्या सुमारास विल्किन्सन या इंग्रज कंपनीने स्टेनलेस पोलादाची टिकाऊ पाती बाजारात आणली, तेव्हापासून जुनी पाती मागे पडत गेली. धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनम यांसारख्या कठीण धातूचा अतिसूक्ष्म थर आणि त्यावर, तव्याला अन्न चिकटू नये म्हणून जो लेप देतात त्याच जातीचा लेप असतो. पहिल्या दाढीपेक्षा दुसरी अधिक सुखाची होते असा अनेकांचा अनुभव आहे. लेपाचा वरचा फाजील भाग पहिल्या वेळी निघून जातो, असे त्याचे कारण मानले जाते.

केसासारखी मऊ वस्तू पोलादाची धार कशी घालवते, हा प्रश्न ऐकायला सोपा वाटला तरी त्याचे उत्तर अगदी अलीकडे मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक केस कापून पाहिला, आणि २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आपला निष्कर्ष मांडला. केस पोलादाहून सुमारे ५० पटींनी मऊ असतो. तो धारेला झिजवत नाही, तर धारेचा टवका काढतो. पोलादाची अंतर्रचना सर्वत्र एकसारखी नसते. जेथे कठीण आणि मऊ भागांची सीमा असते तेथे केस विशिष्ट कोनात वाकून आदळला की सूक्ष्म कपची निघते. यावरून व्यवहारातला एक धडा निघतो: केस जितका भिजून मऊ झालेला, तितका धारेवरचा आघात कमी. पाते धुऊन, नुसते झटकून ठेवावे. पंच्याने पुसू नये, कारण पुसण्याने लेपही जातो आणि कधी बोटही कापते.

कोणते पाते चांगले, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि जो दुकानदार ते देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जपानमधील फेदर कंपनीची पाती जगात सर्वांत तीक्ष्ण म्हणून नावाजलेली आहेत. पण तीच धार, सौम्य हात नसेल तर, रक्त काढते. आपल्या देशात पात्यांचा उद्योग मोठा आहे. ठाण्याच्या कारखान्यातील सुपर-मॅक्स पाती दूरदेशी जात असत. टोपाझ आणि सेव्हन ओ’क्लॉक ही नावे तर जुन्या पिढीच्या तोंडी बसलेली होती. भारतीय पाते काही रुपयांत मिळते. तेव्हा चार-पाच निरनिराळ्या जातींची लहान पाकिटे आणावीत, रेझर, साबण आणि पाणी हे सारे कायम ठेवून प्रत्येक जात सलग आठवडाभर वापरावी, आणि आपल्याच गालाचा कौल घ्यावा. केस ओढला जातो आहे असे वाटले की पाते बदलावे. ते तीन दाढ्यांनंतर असो की सात. रोज दाढी करणाराने पाच दाढ्यांमागे एक पाते वापरले तर वर्षाला ७३ पाती लागतात. काटकसर म्हणून त्यांतली निम्मी वाचवण्याच्या नादात त्वचा सोलून घेणे हा जमाखर्च मला तरी कधी पटलेला नाही. हेच दुधारी पाते आज आपल्या केशकर्तनालयांतूनही आहे: कारागीर ते वेष्टनासकट मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा उघड्या वस्तऱ्याच्या पकडीत घालतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावतो. रक्तावाटे पसरणाऱ्या कावीळ आणि एड्ससारख्या रोगांच्या भयाने रूढ झालेली ही पद्धत अत्यंत योग्य आहे, आणि नवे पाते समोर उघडले जात नसेल तर गिऱ्हाइकाने ते मागावे.

आणि आता ती तिसरी विद्या. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि तो पाणी पितो. दोन-तीन मिनिटे कोमट पाणी मिळाले की त्याच्या आतील रेणूंचे काही बंध सैल पडून तो फुगतो आणि कोरड्या केसाच्या मानाने पुष्कळच कमी जोराने कापला जातो. मात्र दाढीच्या केसावर त्वचेतील तेलाचा पातळ थर असतो, तो आधी साबणाने धुऊन काढावा लागतो. पारावर बसलेला नाभिक ते पाणी इतका वेळ चोळत बसे तो वेळकाढूपणा नव्हता. साऱ्या कामाचा निम्मा भाग तोच होता. ज्याला सकाळी घाई आहे त्याने आंघोळीनंतर दाढी करावी, म्हणजे भिजवण्याचे काम आपोआप झालेले असते.

साबणाबद्दल बोलण्यापूर्वी पाण्याबद्दल बोलले पाहिजे, कारण दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे आणि विशेषतः खोल कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवतात. फेस बांधला जात नाही, बांधला तर गालावर जाईपर्यंत बसतो, आणि भांड्याच्या कडेला पांढरे किटण धरते. महागडा साबण आणूनही फेस येत नाही म्हणून साबणाला बोल लावणाऱ्या अनेकांचा खरा प्रतिवादी नळाचे पाणी असते. एका दाढीच्या फेसाला अर्धी वाटी पाणीदेखील पुष्कळ होते. तेवढे उकळून गाळलेले, पिण्यासाठी शुद्ध केलेले किंवा पावसाचे धरून ठेवलेले पाणी घ्यावे, आणि त्याच साबणाचा फेस किती निराळा येतो ते पाहावे.

दाढीचा साबण हा अंगाच्या साबणाहून जातीने वेगळा आहे. अंगाचा साबण मुख्यतः सोड्याच्या दाहक क्षाराने करतात, म्हणून तो कठीण वडीचा होतो आणि त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा, लवकर विरणारा असतो. दाढीच्या साबणात पोटॅशचा क्षार अधिक घालतात, त्यामुळे तो मऊ राहून पाण्यात चटकन विरघळतो. शिवाय त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण भरपूर असते, ज्यामुळे फेसाचे बुडबुडे बारीक आणि दाट बनून बराच काळ टिकतात, आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. खोबरेल तेलाच्या साबणाचा फेस झटपट येतो, पण एकट्या खोबरेलावर भिस्त ठेवलेला साबण कातडी कोरडी करतो. वडी, कांडी आणि नळीतले क्रीम यांत गुणाचा फरक थोडा, सवयीचा अधिक. दाबल्याबरोबर बाहेर येणारा डब्यातला फेस मात्र मी घेऊ नये असेच म्हणेन. त्यात हवा पुष्कळ आणि पाणी अल्प असते, आणि आपल्याला हवे असते ते पाणीच.

फेस बांधायला ब्रश लागतो. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश मऊ आणि पाणी धरणारा, पण महाग. डुकराच्या राठ केसांचा ब्रश स्वस्त, मात्र तो आधी भिजत ठेवावा लागतो आणि काही आठवडे वापरल्यावर त्याची टोके दुभंगून मऊ होतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडात सैनिकांना आणि नागरिकांना चेहऱ्यावर अँथ्रॅक्सची गळवे होऊ लागली. तपासाअंती आढळले की, बाहेरून आलेले घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करताच स्वस्त ब्रशांत वापरले गेले होते. आज ते भय जवळजवळ उरलेले नाही, पण त्या काळचे जुने ब्रश हौसेने विकत घेऊन वापरू नयेत. कृत्रिम तंतूंचे ब्रश गेल्या काही वर्षांत इतके सुधारले आहेत की नवख्याला मी तेच सुचवतो: ते लवकर वाळतात, आमच्याकडच्या पावसाळ्यात कुबट होत नाहीत, आणि कोणा प्राण्याच्या अंगावरचे केस काढावे लागत नाहीत. ब्रश ओला करून झटकावा, साबणावर अर्धे मिनिट फिरवावा, मग गालावर गोलगोल फिरवीत थेंब थेंब पाणी वाढवीत जावे. ताज्या सायीच्या दह्यासारखा, चकाकणारा फेस आला की तो सिद्ध झाला. कोरड्या कापसासारखा दिसला तर पाणी कमी पडले आहे.

प्रत्यक्ष दाढीच्या वेळी एकच नियम पाळावा आणि तो म्हणजे न दाबणे. टोपण गालाला टेकवून मूठ हळूहळू खाली आणीत जावे, धार केसाला लागल्याचा बारीक आवाज येऊ लागला की तोच कोन. पहिला हात केसाच्या रोखाने. केसांचा रोख गालावर आणि गळ्यावर सारखा नसतो, तो दोन दिवसांच्या वाढीवर बोट फिरवून आधीच समजून घ्यावा. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात हा तुळतुळीतपणाचा मोह आहे. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी तो टाळावाच, कारण कातडीच्या पातळीखाली कापलेला कुरळा केस वाढताना वळून पुन्हा कातडीत शिरतो आणि पुटकुळ्या उठतात. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. आपल्या कारागिरांच्या धोकटीतील हा जिन्नस परदेशी दुकानांत आज सुबक ठोकळ्याच्या रूपात चढ्या दराने विकला जातो. आपल्याकडे तो किराणा दुकानात मिळतो, बारीक चिरांतले रक्त थांबवतो, आणि जेथे तो अधिक झोंबतो तेथे आपण अधिक दाबले होते हेही सांगतो. मद्यार्काची सुगंधी द्रव्ये नंतर लावलीच पाहिजेत असे नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती साधनांच्या यादीत कधी नसते. वापरलेले पाते जाते कोठे? अमेरिकेत जुन्या घरांच्या न्हाणीघरांतील आरशामागच्या कपाटाला एक बारीक फट असे, तिच्यातून टाकलेली पाती भिंतीच्या पोकळीत पडत राहत, आणि आजही अशी घरे पाडताना गंजलेल्या पात्यांचे ढीग सापडतात. आपल्याकडे पाते जाते ते कचऱ्याच्या डब्यात, आणि तेथून ज्या हातांत जाते ते हात बहुधा उघडे असतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक स्त्रिया दारोदार फिरून ओला आणि सुका कचरा स्वतःच्या हाताने वेगळा करतात. इतर शहरांतही हे काम कोणीतरी करीतच असते. वर्षाची ७३ पाती एका लहान पत्र्याच्या डब्यात सहज मावतात. झाकणाला पाते जाईल एवढी फट पाडावी, पाती तीतून आत टाकावीत, डबा भरला की फट चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ असे लिहावे, आणि तो कचरा नेणाऱ्या बाईंच्या किंवा दादांच्या हाती, आत काय आहे ते तोंडाने सांगून, द्यावा. ज्या दिवशी रेझर घ्याल त्याच दिवशी हा डबाही करून ठेवा.